सगळ्यात गुणी घर

इमारतीच्या दारात पितळी पाटी होती आणि पाटीवर पाच पानं. पानं खरी नव्हती; खऱ्या पानांना पाणी घालावं लागतं. ही कोरलेली होती, आणि ती देणारं एक मंडळ होतं. इमारत वीज किती वाचवते, पाणी किती वाचवते, आतल्या माणसांना हवा कशी देते, याचे गुण काढून मंडळ एकापासून पाचपर्यंत पानं देई. गंमत अशी की पहिल्या खेपेला ही पानं नकाशावरच मिळतात, इमारत उभी राहायच्या आधी. नवरानवरीचा फोटो बघून संसाराला गुण द्यावेत, त्यातलाच हा प्रकार.

संसार सुरू झाला की मात्र मंडळ परत येतं. लोक राहायला आले, स्थिरावले, की पुरतं एक वर्ष मीटर वाचतं, आणि मग पुष्कळ हिरव्या इमारती कागदावर हिरव्या आणि मीटरवर काळ्या निघतात. पलीकडच्या रस्त्यावरच्या काचेच्या इमारतीचं असंच झालं होतं. भर दुपारी एक माणूस पेचकस घेऊन आला आणि त्याने पाटीवरची तीन पानं एकेक करून उतरवली. लोक चहाचे कप हातात धरून बघत उभे होते. त्यात आपल्या गोष्टीतली बाईही होती. त्या इमारतीला पानं मिळवून देणारा सल्लागार तिचा जुना स्पर्धक, त्यामुळे तिला त्या दिवशी चहा फार गोड लागला.

आता पाळी तिची होती. या पाचपानी इमारतीची सल्लागार तीच, आणि सातव्या मजल्यावर राहायलाही तीच. मोजणीचं वर्ष चालू होतं. एक पान जरी गळलं तरी गावातला कुठलाही बिल्डर तिला पुन्हा दारात उभं करणार नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लोक तिला पाठीमागे हिरवी बाई म्हणत. तेही तिला ठाऊक होतं, आणि मनातून ते तिला आवडायचं.

वर्षभर तिने रहिवाशांना सळो की पळो करून सोडलं. माणसं तरी कसली! कोणी एसी लावून दारं सताड उघडी टाकी. कोणी नळाची बारीक धारेची जाळी काढून फेकून देई, कारण केसातला साबण निघत नाही. कोणी छतातल्या डोळ्यावर चिकटपट्टी लावी. हा डोळा प्रत्येक खोलीत होता. खोलीत हालचाल दिसली की तो समजे माणूस आहे, आणि दिवा, गार हवा, ताजी हवा सगळं सुरू ठेवी. काही वेळ हालचाल दिसली नाही की तो समजे खोली रिकामी आहे, आणि सगळं बंद करून टाकी. हिशेब साधा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तक्रार केली की मी पेपर वाचत बसतो तर दर वेळी अंधार होतो. बाई म्हणाली, "पान उलटताना हात जरा मोठा करत जा." आजोबांच्या सुनेने डोळा बंद करून मागितला. बाईने साफ नाही म्हटलं. एकाला दिलं की सगळे मागतात.

खालच्या दालनात एक पडदा लावला होता. कुठलं घर किती जपून वागतं याची क्रमवारी त्यावर रोज बदले. एक नाव मात्र वरून हलत नसे. सातवा मजला, हिरव्या बाईचं घर. रहिवासी संघाचा सेक्रेटरी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगे, "दिव्याखाली अंधार म्हणतात ना? आमच्या बाईंच्या घरी जाऊन बघा." आपण किती खरं बोलतोय याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

त्या घरात दोन माणसं राहत. बाई आणि तिचा नवरा.

नवरा म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हे, गाडी शिकवणारे. अर्धं गाव त्यांच्याकडे गाडी शिकलेलं, बाईही. ओळख तिथलीच. मास्तरांच्या गाडीत दोन ब्रेक असत, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक त्यांच्या. बाईला पुढे कितीतरी दिवस वाटे की गाडी आपण थांबवली. मास्तर जुन्या वळणाचे. गाडीचे दिवे असूनही ते हाताच्या खुणा घोकून घेत. हात आडवा म्हणजे वळतोय. हात वरखाली म्हणजे वेग कमी करतोय. हात सरळ वर म्हणजे थांबा. "ही खूण पुढच्यासाठी नसते," ते सांगायचे, "मागून येणाऱ्यासाठी असते. आपण थांबतोय, त्याने आपल्या अंगावर येऊ नये."

मग एके सकाळी मेंदूत कुठेतरी रक्त साकळलं आणि मास्तरांची उजवी बाजू गेली. डावा हात राहिला. जीभ वाचली, हे नशीब. कोणाचं नशीब, यावर घरात मतभेद होते.

आतली खोली त्यांची झाली. सकाळी आणि संध्याकाळी एक सेविका येऊन अंग पुसणं, खाऊ घालणं, कूस बदलणं सगळं करून जाई. मधला सगळा दिवस मास्तर एकटे. खोलीला खिडकी मोठी, पण न उघडणारी. काच कायमची बसवलेली, म्हणजे गार हवा बाहेर सांडत नाही; त्यावर जाड पडदा कायम ओढलेला, म्हणजे ऊन आत येत नाही. त्या खिडकीचे बाईला मंडळाकडून चांगले गुण मिळाले होते.

"अगं, तू गेलीस की थोड्या वेळाने ही खोलीही मला सोडून जाते," मास्तर एकदा म्हणाले.

"म्हणजे काय?"

"दिवा जातो. गार हवा जाते. मग मी, भिंती आणि घाम."

"अहो, आख्ख्या गावात एवढी चांगली हवा कुठे नाही. मोजलेली आहे."

"मोजली तेव्हा मी घरात नसेन."

बाईने ते कानाआड केलं. मास्तरांचा स्वभावच कटकटा. धडधाकट होते तेव्हा दुसऱ्याच्या गाडीत बसले की क्लचच्या नावाने खडे फोडत. आता गाडी नाही तर खोलीच्या नावाने. तिला खरंच तसं वाटलं. इथपर्यंत तिचा दोष धरायचा तर आंधळेपणाचा धरता येईल, त्याहून जास्त नाही.

मोजणीचं वर्ष सरत आलं. मंडळाला दाखवायला एक नमुन्याचं घर हवं, म्हणून बाईने ऑफिसात बसून आपल्याच घराची नोंद कॉम्प्युटरवर उघडली. स्वयंपाकघर, हॉल, तिची खोली, सगळं छान. आतल्या खोलीशी आली आणि तिने आधी डोळे चोळले, मग चष्मा पुसला. ती घरातून निघाल्यापासून सेविका संध्याकाळी येईपर्यंत, आज, काल, परवा, कुठलाही दिवस काढा, त्या खोलीपुढे एकच शब्द होता. रिकामी.

डोळा बिघडलेला नव्हता. डोळा त्याचं काम चोख करत होता. पाठीवर पडलेला माणूस हलत नाही, आणि जो हलत नाही तो या इमारतीत राहत नाही. घर पहिलं का येतं तेही तिला त्याच क्षणी उमगलं. तिच्या शिस्तीमुळे नव्हे. घरातलं अर्धं माणूस हिशेबात नव्हतं, त्याच्या वाट्याची वीजच लागत नव्हती म्हणून.

चांगल्या घरात गोष्ट इथे संपते. बायको धावत घरी जाते, नाहीतर निदान फोन उचलते. बाईच्या फोनमध्ये तशी सोय होती. खोली निवडायची, 'कायम भरलेली' यावर बोट ठेवायचं, संपलं. दिवा जात नाही, हवा जात नाही. तिने खोली निवडलीही. पण असं बोट ठेवलं की ते नावानिशी, कारणासकट मंडळाकडे जातं आणि खालच्या पडद्यावरही दिसतं. मग तिसऱ्या मजल्यावरची सून येणार. पाचव्यावर अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत, त्यांचा मुलगा येणार. ज्यांना ज्यांना तिने हात हलवा म्हणून वाटेला लावलं ते सगळे रांगेने येणार, आणि इमारत आधीच काठावर उभी. शिवाय राहिलं किती, दोन महिने. एवढं वर्ष काढलं त्या माणसाने.

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि नमुन्याचं घर म्हणून शेजारचं घर निवडलं.

संध्याकाळी ती मास्तरांच्या उशाशी बसली. बऱ्याच दिवसांनी बसली, म्हणून मास्तरांनी तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

"अहो, दिवसा मधूनमधून डावा हात हलवत जा. वर, त्या डोळ्याला दिसेल असा. मग नाही जायचा दिवा."

मास्तरांनी वर डोळ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुला कळलंय."

"दोन महिने फक्त. पाटी पक्की झाली की त्याच दिवशी बदलते. शप्पथ."

"आणि मी झोपलो तर?"

तिने त्यांची चादर सारखी केली, जी सारखीच होती.

"माझ्या बाजूचा ब्रेक कोणी काढला गं?" मास्तर म्हणाले, आणि हसले. ते हसू बाईला झोंबलं, आणि झोंबलं म्हणून रागही आला. माणसाने समजूतदारपणा दाखवायचा तर नीट दाखवावा, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर कामाला लागले. नुसता हात काय हलवायचा, म्हणून ते खुणा करू लागले. आडवा हात, वळतोय. वरखाली, वेग कमी करतोय. अंथरुणावर पडून त्यांनी सगळं गाव पालथं घातलं असेल. पण एका हाताचं बळ ते किती. जेवण झालं की डोळा लागे, डोळा लागला की वरचा डोळा मिटे, आणि जाग येई ती अंधारात, घामाने निथळताना, श्वासाला हवा कमी पडताना. मग हात शोधायचा, उचलायचा, आणि आपण इथे आहोत असं छताला पटवायचं. सेविकेने दोनदा सांगितलं की साहेब संध्याकाळी उकडून निघाल्यासारखे असतात. बाईने तिला सुती चादरी आणून दिल्या.

याच सुमारास मंडळाचे प्रश्न आले. प्रत्येक रहिवाशाचं समाधान विचारायचं असा नियम होता, आणि नियमाच्या बाबतीत बाई पक्की. ती मास्तरांसमोर बसली.

"खोलीतली हवा कशी वाटते?"

"उत्तम," मास्तर म्हणाले. "खोलीत कोणी नसतं तेव्हा तर फारच उत्तम."

बाईने उत्तम लिहिलं.

"प्रकाश?"

"मनात आला की येतो."

बाईने समाधानकारक लिहिलं. मास्तर तिच्या पेनाकडे बघत होते. "मार्क चांगले पडतायत ना माझे?" त्यांनी विचारलं. तिने मान डोलावली.

मास्तरांची थोरली बहीण शिवणकाम करायची आणि लांब, जुन्या वस्तीत राहायची. जिभेला हाड नाही म्हणतात ते तिच्यासारखीलाच. ती एका दुपारी न कळवता आली. चावी सेविकेकडून घेतली, दार उघडलं, आणि आतल्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर दिवा लागला. त्या उजेडात तिला भाऊ दिसला. बनियन अंगाला चिकटलेलं, ओठ सुकलेले, आणि डावा हात छाताडावर दमून पडलेला. तिने आधी पाणी पाजलं. मग सगळं विचारून घेतलं. मग फोन लावला.

"अगं, गाडीत कुत्रं ठेवून गेलं तरी लोक काच चार बोटं खाली ठेवतात," ती बाईला म्हणाली.

"ताई, ते यंत्राचं आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"मला माझा भाऊ कळतो."

बाई मीटिंगमध्ये होती. तिने फोन कापला.

ताईने दुसरा फोन केला नाही. तिने जुन्या पडद्याची एक लांब पट्टी फाडली, स्टुलावर चढून ती गार हवेच्या जाळीला बांधली आणि घरी निघून गेली. हवा आली की पट्टी हले, पट्टी हलली की डोळ्याला वाटे माणूस आहे, आणि तो हवा चालू ठेवी. इतकी अक्कल तो डोळा बनवणाऱ्यांना आली नव्हती, पण ती गोष्ट वेगळी. मास्तर त्या दिवसापासून दुपारी झोपू लागले. नुसते झोपले नाहीत, घोरले. सेविका म्हणाली, साहेबांच्या तोंडावर रंग आलाय.

खालच्या पडद्यावर सातव्या मजल्याचं घर नवव्या जागी गेलं.

"काय बाई," सेक्रेटरी लिफ्टपाशी डोळे मिचकावत म्हणाला, "पाहुणे आलेत वाटतं घरी? मुक्काम लांबलेला दिसतोय."

लिफ्टमधली दोनतीन माणसं हसली. तिसऱ्या मजल्यावरची सून तर मनापासून हसली. बाई वर गेली, चपला न काढता आतल्या खोलीत शिरली आणि तिने छताकडे पाहिलं. पट्टी आनंदात फडफडत होती.

ती स्टूल ओढून वर चढली. मास्तर जागे होते. त्यांनी डावा हात उचलला आणि सरळ वर धरला, तळवा तिच्याकडे करून. डोळ्याला दाखवायचा हात असा नसतो, हे तिला कळलं. याच माणसाने तिला ती खूण शिकवली होती, रिकाम्या मैदानात, पुन्हा पुन्हा, ती चुकली की तिच्या कोपराला हात लावून. तिने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं. मग पट्टीची गाठ सोडली. गाठ शिवणकाम करणाऱ्या बाईची, लवकर सुटेना. शेवटी तिने ती दातांनी सोडवली. मास्तरांचा हात तोवर वरच होता. ती खाली उतरली तेव्हा तोही खाली आला.

"थोडेच दिवस राहिलेत," ती म्हणाली.

मास्तरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तेवढं त्यांना एकट्याने जमायचं.

परीक्षक आला तो तरुण, मऊ बुटांचा आणि मऊ आवाजाचा. आठवडाभर त्याने मीटर तपासले, आकडे जुळवले. शेवटच्या दिवशी दुपारी त्याने सेक्रेटरीला आणि बाईला खाली बोलावून सांगितलं, "वाईट वाटतं, पण थोडक्यात जातंय. माणशी वीज जरा जास्त भरतेय. चार पानं नक्की. पाचवं कठीण." सेक्रेटरी तिच्याकडे असा पाहू लागला, जणू तिनेच सगळ्यांचे एसी लावून ठेवले होते.

"एक घर आतून बघायचं राहिलंय," परीक्षक म्हणाला. "तुमचंच बघतो. आकडे फार सुंदर आहेत. यंत्राच्या नोंदीप्रमाणे तुम्ही एकट्याच राहता ना?"

बाई लिफ्टचं बटण दाबत राहिली.

आतल्या खोलीचं दार परीक्षकाने स्वतः उघडलं. आत अंधार होता, आणि आतून एक गरम, शिळी हवा बाहेर आली. त्याने पाऊल टाकलं तशी खोली झगझगीत उजळली, गार हवेचा झोत सुरू झाला आणि पलंगावरचे मास्तर दिसले. त्यांनी उजेडाला डोळे बारीक केले.

"हे इथेच असतात?" परीक्षकाने विचारलं.

"छे," मास्तर म्हणाले. "मी इथे राहत नाही. त्या वरच्याला विचारा."

बाईने त्याच्या टॅबकडे पाहिलं. आता हा पोरगा सगळं लिहिणार, माणूस कोंडून वीज वाचवली म्हणून, आणि चार काय, एकही पान राहणार नाही. तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीच्या तळाशी थोडं बरंही वाटलं. कोणीतरी आता आपल्याला थांबवेल.

परीक्षक छताकडे बघत होता. मग पलंगाकडे. मग त्याने हातातल्या टॅबवर काही केलं आणि त्याच्या कपाळावरची आठी मिटली.

"म्हणजे यंत्राने हे मोजलेलेच नाहीत," तो म्हणाला. "जे हलत नाहीत ते माणसांत धरलेच गेले नाहीत. मग भागाकार चुकला ना. वीज भागिले माणसं. या घरात दोन माणसं धरायला हवीत." त्याने बाईकडे पाहून स्मित केलं. "तुमचा आकडा आणखी सुधारतो. अशी आणखी किती माणसं आहेत इमारतीत?"

सेक्रेटरीच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला नाही. तो जिन्याने पळत सुटला. तिसऱ्या मजल्यावरचे पेपर वाचणारे आजोबा निघाले. पाचव्यावरच्या आजी निघाल्या. कुठे पाय मोडलेला मामा, कुठे दिवसभर गोळ्या घेऊन झोपलेली काकू. ज्यांच्यासाठी वर्षभर कोणी एक दिवा चालू ठेवला नव्हता, त्यांच्या खोल्यांची दारं उघडून घरचे लोक ओरडू लागले, आमच्याकडेही एक आहे. परीक्षकाने सगळे हाताने मिळवले. माणसं वाढली, माणशी वीज उतरली, आणि पाचवं पान जागच्या जागी राहिलं.

"आणि त्या खोल्यांतली हवा?" बाईने विचारलं. तिचं तिलाच नवल वाटलं.

"त्याचे गुण वेगळे असतात," परीक्षक म्हणाला. "समाधान विचारलं होतं ना आपण? तुमच्या मिस्टरांनी उत्तम लिहिलंय."

हे सगळं मास्तरांच्या दारात उभं राहून चाललं होतं. मास्तर ऐकत होते.

चार दिवसांनी खालच्या दालनात कार्यक्रम झाला. पाटीवर नवं वर्ष कोरलं गेलं, सेक्रेटरीने भाषण ठोकलं, टाळ्या झाल्या. बाईने दोन शब्द बोलायचे ते दोनच बोलून संपवले, कारण तिला वर जायची घाई होती. शप्पथ तिच्या लक्षात होती. लिफ्टमध्येच तिने फोन काढला, खोली निवडली, 'कायम भरलेली' यावर बोट ठेवलं. कारण विचारलं तिथे 'पती' असं लिहिलं. वर येऊन आतल्या खोलीचं दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा खरंच आनंदी होता.

खोलीत दिवा लखलखत होता. गार हवा वाहत होती. पलंग रिकामा होता.

खाली टाळ्या चालू असताना ताई सेविकेला हाताशी धरून मागच्या सामानाच्या लिफ्टने भावाला चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेली होती. कोणी पाहिलं नाही. सगळे पाटीकडे बघत होते. बाई पलंगाच्या कडेला बसून राहिली, बराच वेळ, हात मांडीवर ठेवून, न हलता. दिवा गेला नाही. तिनेच तशी सोय केली होती.

सकाळी सेक्रेटरीने दार वाजवलं. त्याला सेविकेकडून कळलं होतं.

"मास्तर परत कधी येणार? नाही म्हणजे, विचारपूस म्हणून. माणसं हाताने मिळवली ना, म्हणून महिनाभराने मंडळ पुन्हा मोजणार आहे. आपण अगदी काठावर आहोत बाई. एक डोकं कमी झालं तरी भागाकार फसतो. आजींचीही तब्येत बरी नाही म्हणतात, त्यांना सांभाळायला सांगितलंय मी."

बाईने त्याला वाटेला लावलं आणि ताईला फोन केला. ताईने फोन भावाच्या कानाला लावला.

"कसे आहात?" बाईने विचारलं.

"खिडकी उघडी आहे," मास्तर म्हणाले. "उकडतं, पण खिडकी उघडी आहे. खाली कोणीतरी गाडी शिकतंय. क्लच असा सोडतो की गाडी उड्या मारते. ऐक."

बाईने ऐकलं. लांब कुठेतरी गाडी कण्हत होती, बंद पडत होती, पुन्हा सुरू होत होती. तिला हसू आलं. तिचीही अशीच उड्या मारायची.

"परत या ना," ती म्हणाली. "खोली बदलली मी. कालच बदलली, शप्पथ घेतली होती तशी. आता काहीच बंद होत नाही."

"मी नसताना?"

"हो. कायम भरलेली आहे ती आता."

मास्तर हसले. "म्हणजे अजून चुकतंच आहे तुझं यंत्र."

"या ना."

"एक विचारू? सेक्रेटरी येऊन गेला असेल ना सकाळी?" ते थांबले. श्वास घेतला. तो श्वास मोकळा होता, तिला फोनवरही कळलं. "मी हवाय तुला, की भागायला एक डोकं हवंय?"

उत्तर सोपं होतं. तुम्ही. ते तिच्या जिभेवर आलंही होतं, आणि बरंचसं खरंही होतं. पण वर्षभर सगळं मोजत आलेली बाई ती. तिला बरोबर उत्तर द्यायचं होतं. त्यात किती हे आणि किती ते, एवढं बघायला ती थांबली. फार नाही. एका पेडलवरचा पाय दुसऱ्यावर जायला लागतो तेवढाच वेळ. पण मास्तरांनी आख्खं आयुष्य माणसांना त्याच वेळावरून पास किंवा नापास केलं होतं.

"तुम्ही," ती म्हणाली.

पलीकडून ताईचा आवाज आला. "अगं, तोंड फिरवलंय त्याने. बोलत नाहीये. नुसता हात वर करून धरलाय, सरळ. तुमच्या त्या डोळ्याला दाखवायचा तसा नाही हा. म्हणजे काय गं हे?"

बाईला तो हात दिसत नव्हता. दिसायची गरजही नव्हती.

"थांबा म्हणतायत," ती म्हणाली.

"कोणाला?"

"मागून येणाऱ्याला."

ताईने फोन ठेवला.